जवसाच्या बरणीत उतरलेली भुकटी

मित्रांनो, मला जग कधी सरळ दिसलेच नाही. मी काचेची एक जुनी बरणी आहे, पोटाने गोल आणि गळ्याशी जराशी अरुंद. माझ्या काचेतून पाहिले की प्रत्येक माणूस थोडा फुगीर दिसतो, थोडा वाकडा दिसतो आणि पाण्यात उभा असल्यासारखा हळूच डुलतो. सकाळचे ऊन एकदा माझ्यात शिरले की दुपारपर्यंत आतच रेंगाळते. त्यामुळे माझ्या बोलण्यात कुठे स्वप्नासारखे काही आले, तर समजून घ्या. घडले ते मात्र जसेच्या तसे सांगणार आहे. कारण त्यातली एक वाईट गोष्ट माझ्याच पोटातून बाहेर पडली होती.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू, सोडा, चुना आणि फुटक्या बाटल्यांचा चुरा असे सगळे एकत्र वितळले आणि त्याचा मधासारखा दाट, लालभडक गोळा झाला. एका कारागिराने तो लांब नळीच्या टोकावर उचलला, साच्यात सोडला आणि गाल फुगवून फुंकर मारली. त्याच्या त्या एका श्वासाएवढे माझे पोट झाले. मग आम्हा सगळ्या बरण्यांना एका कोमट बोगद्यातून मुंगीच्या पावलांनी पुढे सरकवत नेले. काच घाईने गार केली तर ती आतून तडकते, असे तिथला मुकादम नव्या माणसांना सांगत असे. त्या बोगद्यात मी अर्धवट झोपेत होते. आपण अजून प्रकाशच आहोत आणि हळूहळू वस्तू होत चाललो आहोत, असे मला वाटत होते.

पुढे मी बियावाल्या मावशींच्या दुकानात आले.

ते दुकान म्हणजे एक अरुंद खोली होती. एका बाजूला घड्याळे दुरुस्त करणारे आजोबा बसत आणि दुसऱ्या बाजूला चपला शिवणारे काका. मावशींच्या फळ्यांवर भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया, तीळ, बदाम, वाळवलेल्या लिंबाच्या साली आणि कोरफडीच्या दोन कुंड्या होत्या. मावशींनी मला धुतले, दोन दिवस उन्हात पालथी ठेवली आणि मग माझ्यात चक्क नाक घालून वास घेतला.

"साबणाचा वास येतोय अजून," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला आणखी एक दिवस उन्हात ठेवले.

चौथ्या दिवशी माझ्यात जवस पडले. तुम्ही जवस पाहिले आहे ना? तपकिरी, गुळगुळीत आणि चमकदार, जणू कुणी छोट्या छोट्या थेंबांना पॉलिश केले आहे. मावशी ते मंद आचेवर थोडेथोडेच भाजत. ते माझ्यात ओतताना जो सर्रर्र आवाज होई, तो ऐकत मी डोळे मिटत असे. बरणीला डोळे कुठले, असे म्हणू नका. सगळे अंगच काचेचे असले की सगळे अंगच डोळा होते.

मावशींकडे माणसे नुसती बिया घ्यायला येत नसत. कुणाची त्वचा कोरडी पडलेली, कुणाचे केस गळत असत, तर कुणाला दिवसभर मरगळ. प्रत्येकाला काहीतरी जालीम हवे असे. आणि मावशी मला उघडण्याआधी प्रश्न विचारत.

एकदा एक बसड्रायव्हर आले होते. गाल रखरखीत, ओठ फुटलेले, डोळ्यांखाली काळे.

"मावशी, चेहऱ्याची पार रया गेलीय. काहीतरी असं द्या की आठ दिवसांत टवटवी आली पाहिजे."

"पाणी किती पिता?"

"ड्युटीवर कुठलं पाणी? पाणी प्यायलं की गाडी थांबवावी लागते."

"आणि झोप?"

"झोप माझ्या बसमधले प्रवासी घेतात. मला नाही मिळत."

मावशी खो खो हसल्या. मग त्यांनी कागदाच्या पुडीत थोडे जवस बांधले. "हे रोज एक चमचा, जेवणासोबत. दळून ठेवणार असाल तर थोडंच दळा, फार दिवस ठेवलं की त्यातलं तेल खवट होतं. कुठली औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि खरं सांगू का, यानं काही जादूबिदू होत नाही. वेळेवर पाणी, पुरेशी झोप, ताटात भाजी-फळं, उन्हात डोक्यावर टोपी. यातल्या बियाच काय त्या मी विकते. बाकीचं तुमच्या घरी फुकट आहे."

"मग तुमचं दुकान कसं चालायचं?"

"चालतंय की हळूहळू. मला तरी कुठं पळायचंय!"

ते ड्रायव्हर पुढे दर महिन्याला येऊ लागले, आणि येताना काखेत पाण्याची बाटली असे. अशी कितीतरी माणसे मी पाहिली. कुणाच्या चेहऱ्यावर महिन्याने उजेड आला, कुणाच्या आलाही नाही. नाही आला तर मावशी सरळ सांगत, "माझ्याकडं याचं उत्तर नाही, तुम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडं जा." लोक म्हणत, "मावशींच्या बरणीतलं आहे ना, मग डोळे झाकून घ्यावं." मला ते ऐकून फार अभिमान वाटे. डोळे झाकून घेणे किती धोक्याचे असते, हे तेव्हा मला तरी कुठे कळत होते?

समोरच्या जिन्यावर टेलरबाईंचे घर आणि दुकान एकत्रच होते. त्यांची मुलगी चालायला लागली तेव्हापासून मावशींच्या दुकानात येई. स्टुलावर चढे, भोपळ्याच्या बिया दोन्ही हातांत धरून समोरच्या दातांनी कुरतडे. म्हणून मावशींनी तिचे नाव खारूताई ठेवले, आणि शाळेतही तेच चिकटले. ती माझ्या काचेला नाक लावून आत बघायची. तिचे गोल नाक, गोल डोळे, आणि श्वासाने काचेवर उमटलेले धुक्याचे वर्तुळ. मला वाटे, चंद्र खाली उतरून मला भेटायला आला आहे.

खारूताई पंधरा वर्षांची झाली आणि तिच्या गालांवर, कपाळावर मुरुमे आली. आधी दोन-चार होती, मग खूप झाली. ती केस पुढे ओढून चालू लागली. माझ्या काचेला नाक लावणे तर दूरच, माझ्याकडे बघायचेही टाळू लागली, कारण माझ्यात तिला तिचाच चेहरा दिसे, तोही मोठा होऊन.

"मावशी, काहीतरी कर ना," एक दिवस ती रडवेली होऊन म्हणाली.

मावशींनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "फोडतेस का गं?"

"नाही." मग जरा वेळाने, "थोडीशी."

"तो हात आधी आवर. सकाळ-संध्याकाळ साध्या साबणानं हळुवार तोंड धुवायचं, घासायचं नाही. उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी बदल. लवकर झोप. आणि आईला सांग, डॉक्टरबाईंना एकदा दाखवून आणा म्हणावं. या वयात होतं हे, आणि उपचार केला की जातंही. पण दोन-तीन महिने लागतात."

"तीन महिने? मावशी, शाळेचं नाटक पंचवीस दिवसांवर आलंय! मी राणी आहे. अशी राणी असते का कुठं?"

"राणीलाही मुरुमं येत असतील की."

"गोष्टीत नाही येत," खारूताई म्हणाली आणि पाय आपटत निघून गेली.

त्याच आठवड्यात मावशींना लेकीकडे जावे लागले. लेक दूर गावी राहत होती, तिला बाळ होणार होते. दोन महिन्यांसाठी दुकान त्यांनी भाच्याच्या स्वाधीन केले. हा भाचा मोठा उत्साही. सगळी गल्ली त्याला भाचेबुवा म्हणे. त्याने दुकानाला रंग दिला, दिवा बदलला, फळ्या पुसून लख्ख केल्या. वाईट माणूस नव्हता तो, मित्रांनो. मावशी परत येतील तेव्हा दुकान बघून त्यांनी तोंडात बोट घालावे, एवढीच त्याची इच्छा होती.

मग एका दुपारी एक माणूस हातात बॅग घेऊन आला. त्याच्या अंगाला अत्तराचा इतका दाट वास होता की कोरफडसुद्धा कोमेजेल असे मला वाटले. त्याने बॅगेतून पत्र्याचा मोठा डबा काढला. आत फिकट हिरवी, अगदी मऊ भुकटी होती.

"सात दिवसांत तजेला. अर्धा चमचा दुधातून घ्यायची, आणि चिमूटभर पाण्यात कालवून चेहऱ्याला लावायची. शंभर टक्के नैसर्गिक."

"कुठल्या झाडाची?" भाचेबुवांनी विचारले.

"निसर्गातल्याच की, साहेब."

"म्हणजे नेमकं काय काय आहे यात?"

"ते आमचं गुपित. तुम्ही आंबे खाता तेव्हा मुळं मोजता का?"

भाचेबुवा हसले. हसणे झाले आणि प्रश्न तिथेच राहिला. त्यांनी थोडी भुकटी आपल्या मनगटाला लावून पाहिली. खाज नाही, जळजळ नाही. डब्यावर छापलेली पाने-फुले तर फारच सुंदर होती. पण पत्र्याच्या डब्यातून ती कोण घेणार? त्यांची नजर फळीवरून फिरली आणि माझ्यावर थांबली.

माझ्यातले जवस एका पिशवीत गेले. मला धुतलेही नाही, फडक्याने पुसले, आणि ती भुकटी माझ्यात उतरली. तिला आवाज नव्हता. जवसासारखी ती सर्रर्र बोलली नाही. धुके दरीत उतरावे तशी गुपचूप आली आणि माझ्या सगळ्या अंगाला चिकटली. मला पलीकडचे काही दिसेना. गळ्यात एक कागद बांधला गेला: "सात दिवसांचा तजेला."

पहिली आली ती खारूताई.

"ही मावशीची बरणी ना?" तिने विचारले.

"तीच," भाचेबुवा म्हणाले.

एवढे एकच तिने विचारले, आणि त्याचे उत्तर खरे होते. म्हणूनच मला त्याची आजही टोचणी लागते.

सातव्या दिवशी खारूताईची मुरुमे बसली. दहाव्या दिवशी चेहरा असा उजळला की गल्लीत जो तो वळून बघे. नाटकात ती राणी झाली आणि परत येताना मुकुटासकट दुकानात शिरली. मुकुटाचा सोनेरी कागद दिव्याखाली चमकत होता. भुकटी आता अर्ध्यावर आली होती, त्यामुळे वरच्या अर्ध्या काचेतून मला ती दिसली. किती सुंदर दिसत होती! मला वाटले, कदाचित मीच उगाच भीत होते. कदाचित मी जादूची बरणी झाले असेन.

मग रीघ लागली. घड्याळवाल्या आजोबांची सून आली, बँकेतली कारकून आली, बसड्रायव्हरही आले. पिशवीतले जवस कोपऱ्यात पडून राहिले. भाचेबुवांनी बॅगवाल्याकडून आणखी दोन डबे मागवले.

महिन्याभराने खारूताईने भुकटी बंद केली. नाटक संपले होते, मग कशाला घ्यायची? बंद केल्यावर पाचव्या दिवशी तिचे गाल लाल झाले. सहाव्या दिवशी सुजले. आठव्या दिवशी तिला डोळे धड उघडता येईनात, आणि सगळ्या चेहऱ्याची आग होऊ लागली. हे मला कसे कळले? टेलरबाई धावत दुकानात आल्या तेव्हा.

त्यांच्या गळ्यात मोजमापाची टेप तशीच लटकत होती. त्या थेट फळीपाशी आल्या आणि त्यांनी मला उचलले.

"ताई, काय झालं? बरणी कुठं नेताय?" भाचेबुवा गोंधळले.

"माझ्या पोरीला काय खायला घातलंस ते डॉक्टरांना दाखवायला नेतेय. तूही चल. चल म्हणते ना!"

त्यांनी मला छातीशी धरले आणि गल्ली, रस्ता, चौक ओलांडत त्या जवळजवळ पळत सुटल्या. त्यांचे हृदय माझ्या काचेवर धडधडत होते. कितीतरी वर्षांनी माझ्यावर दुकानाबाहेरचे आकाश आले, पण ते बघायची हिंमत मला झाली नाही.

दवाखान्यातली खोली पांढरी होती. खारूताई आधीच खाटेवर बसली होती, डोळ्यांवर ओले फडके ठेवून. त्वचेच्या डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी माझे झाकण काढले, चिमूटभर भुकटी कागदावर घेतली, भिंगाखाली पाहिली आणि एका पिशवीत थोडी भरून तपासणीसाठी पाठवली.

"खात्री तपासणीनंतरच होईल," त्या म्हणाल्या. "पण चेहरा बघून सांगते, यात झाडपाला नावाला आणि औषध भरपूर असणार. सूज झटपट दाबणारं औषध. आम्हीही ते देतो, पण मोजून, थोडे दिवस, लक्ष ठेवून. कुणाला न सांगता ते असं मिसळलं की आधी चेहरा छान दिसतो, मग त्वचा सोलल्यासारखी होते. पोटात जात असेल तर आणखीच वाईट."

"म्हणजे नैसर्गिक नाही?" भाचेबुवांनी विचारले.

"विषारी अळंबीही नैसर्गिकच असते. प्रश्न तो नाही. प्रश्न हा की यात काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. माहीत होतं का?"

"नाही," भाचेबुवा म्हणाले.

"आणखी किती जण घेतायत?"

"वीस... नाही, बावीस."

"मग इथं उभे राहू नका. आजच्या आज सगळ्यांना माझ्याकडं आणा. आणि त्यांना सांगा, मनानं एकदम बंद करू नका, आधी मला दाखवा. फार दिवस घेतलं असेल तर एकदम थांबवूनही त्रास होऊ शकतो."

भाचेबुवा निघाले. दारात ते थबकले आणि टेलरबाईंकडे वळून म्हणाले, "ताई, माझं चुकलं."

"मला नको सांगूस," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी भाचेबुवांकडे पाहिलेसुद्धा नाही.

तपासणीत डॉक्टरबाईंचे म्हणणे खरे निघाले. भाचेबुवा बावीस घरी गेले. कुणी दार आपटले, कुणी शिव्या दिल्या. बसड्रायव्हर मात्र सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "तू सांगायला आलास, हे बरं केलंस." डब्यावरच्या पत्त्यावरही भाचेबुवा जाऊन आले. तिथे छत्र्यांचे दुकान होते. बॅगवाल्याचे नावही तिथे कुणाला ठाऊक नव्हते.

मला रिकामी करून टेलरबाईंच्या हाती परत दिले गेले. रागाच्या भरात त्यांनी मला घराच्या खिडकीत आदळले, तेव्हा माझ्या कडेचा एक टवका उडाला. तिथेच मी राहिले, न धुतलेली आणि रिकामी. माझ्या तळाशी हिरवट थर होता. खोलीचे पडदे बंद होते. त्या मळकट उजेडात खारूताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असे. शाळा बंद, मैत्रिणी बंद. घरातल्या आरशावर तिने टॉवेल टाकला होता. शिवणयंत्राचा आवाज मध्येच थांबे आणि टेलरबाई दारातून डोकावून जात. मला वाटे, मी एका खोल तळ्याच्या तळाशी बुडाले आहे आणि वरचे जग कुणीतरी हळूहळू पुसून टाकते आहे.

मावशी परतल्या त्या दिवशी थेट टेलरबाईंच्या घरी आल्या. हातात पिशवी नव्हती, पुडी नव्हती.

"मावशी, आत येऊ नका," टेलरबाई म्हणाल्या. "तुमच्या बरणीवर विश्वास ठेवला आम्ही."

"हो. म्हणूनच आले." मावशी दारातच उभ्या राहिल्या. "दुकान बंद केलंय. भाच्याला सांगितलंय, पोर म्हणेपर्यंत तू गल्ल्यावर बसायचं नाहीस. आणि मीही चुकले. दुकान देताना बरणीत काय भरायचं ते सांगितलं, पण काय भरायचं नाही, ते सांगितलंच नाही."

टेलरबाई दारातून बाजूला झाल्या.

मावशी पलंगापाशी बसल्या. 

"काही आणलंयस का लावायला?" खारूताईने भिंतीकडेच बघत विचारले.

"नाही. डॉक्टरबाईंनी दिलंय तेच लावायचं, दुसरं काही नाही."

"मग कशाला आलीस?"

"फिरायला येतेस का, विचारायला. ऊन उतरलंय."

"लोक बघतील."

"बघू देत. माझ्याकडं बघतील, म्हातारी कशी लंगडत चाललीय म्हणून."

त्या दिवशी ती गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मावशी रोज येत, तेवढेच विचारत आणि निघून जात. नवव्या दिवशी खारूताई उठली, डोक्यावर रुंद टोपी घातली आणि चपला शोधू लागली. पडद्याच्या फटीतून मला त्या दोघी रस्त्याच्या कडेने जाताना दिसल्या, एक हळू आणि दुसरी त्याहून हळू. काचेत त्या लांबट होत गेल्या, मग धुरासारख्या, मग दिसेनाशा झाल्या.

पुढचे महिने असेच सरले. औषध, साधे पाणी, वेळेवर झोप, संध्याकाळची चाल. ताटात गाजर, काकडी, पालेभाजी. आधी तोंड वाकडे करून "पुन्हा काकडी?" आणि मग निमूटपणे खाणे. गालांची आग हळूहळू कमी झाली. मध्येच पुन्हा उसळली, तेव्हा खारूताईने चादर डोक्यावर ओढून घेतली आणि दोन दिवस जेवली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "असं होणार, मागं-पुढं होतच राहणार. त्वचेला वेळ दे." सहाव्या महिन्यात तिने पडदा सरकवला. आरशावरचा टॉवेल कधी निघाला, ते मला कळलेच नाही. एका सकाळी पाहिले तर तिथे नुसता उजेड होता.

डाव्या गालावर एक फिकट तांबूस डाग मात्र राहिला. तो आजही आहे.

मग एक दिवस तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला उचलले आणि माझ्या टवक्यावरून बोट फिरवले.

"आई, ही फेकून देणार होतीस ना?"

"फेक. डोळ्यांसमोर नको मला," टेलरबाई यंत्रावरून मान न उचलता म्हणाल्या.

खारूताईने मला नळाखाली धरले. गरम पाणी, साबण, बाटलीचा ब्रश. तीनदा धुतले. मग तिने मला उन्हात पालथी ठेवली आणि नाक घालून वास घेतला. मी जन्मले तेव्हासुद्धा इतकी स्वच्छ नसेन.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दुकानात गेली. मावशींनी दुकान नुकतेच पुन्हा उघडले होते, फळ्या निम्म्या रिकाम्या होत्या. भाचेबुवा मागच्या बाजूला पोती झाडत होते. तिला बघून ते उभेच राहिले. हात कुठे ठेवावेत, ते त्यांना सुचेना.

खारूताईने मला फळीवर ठेवले. "दादा, यात जवस भर."

"मी?"

"तूच. आणि आधी एक चमचा खाऊन दाखव."

भाचेबुवांनी खाल्ले. घशात अडकले, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले. मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. खारूताई आधी गंभीर होती, मग तिला हसू आवरेना. हसता हसता ती रडली. भाचेबुवाही रडले. मावशी मात्र दोघांवर ओरडल्या, "पुरे आता, बिया ओल्या होतील!"

टेलरबाई अजूनही भाचेबुवांशी बोलत नाहीत. रस्त्यात समोर आले तर पलीकडून जातात. भाचेबुवा त्याबद्दल कुरकुर करत नाहीत. काही चुका माफ होतात, काहींना वेळ लागतो आणि काहींना आयुष्यभर सोबत घेऊन चालावे लागते.

आता मावशी थकल्या आहेत. दुकान भाचेबुवा बघतात. कुणी नवीन पुडी विकायला आला की ते विचारतात, यात काय आहे, किती आहे, कुणी तपासलंय. उत्तर मिळाले नाही तर त्याला चहा पाजतात आणि वाटेला लावतात. खारूताई आता औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर भुकट्या, गोळ्या, तेले तपासते आणि त्यांत जे लिहिले आहे तेच आहे का, ते शोधते. तिथे तिला सगळे 'मॅडम' म्हणतात.

मित्रांनो, माझी काच आता धूसर झाली आहे. एक दिवस हातातून निसटून मी फुटेन, आणि माझा चुरा कदाचित पुन्हा एखाद्या भट्टीत जाईल. त्याची मला भीती नाही. भीती वाटते ती तुमच्यासाठी. तुमची त्वचा म्हणजे तुमच्या अंगावरची एकुलती एक बरणी आहे, ती बदलून मिळत नाही. तिला उन्हापासून जपा, तिला पाणी द्या, रात्रीची झोप द्या, आणि तिच्यावर एक-दोन पुटकुळ्या आल्या म्हणून तिच्यावर रागावू नका. आणि कुणीही, कितीही ओळखीच्या, कितीही आवडत्या हाताने एखादी बरणी पुढे केली, तर लाजू नका. झाकण उघडायला सांगा. आत काय आहे ते विचारा.

खरी बरणी या प्रश्नाने कधीच रागावत नाही.